कोकणातल्या संस्था, मंडळं आणि गावकामांसाठी निधी कसा शोधायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान संस्थांचे कागद आणि प्रस्ताव तयार करायला मदत करणं हे माझं गेली काही वर्षं चाललेलं काम. डहाणूपासून दोडामार्गापर्यंतून फोन येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्यांसाठी आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अनुदान, देणगी, सीएसआर, सबसिडी हे सगळं एकच ना?

नाही, आणि इथे गोंधळ झाला तर पुढचं सगळंच चुकतं. अनुदान एका ठरलेल्या कामासाठी मिळतं. ते परत करायचं नसतं, पण त्याच कामावर खर्च करून हिशेब द्यावा लागतो. देणगी त्यापेक्षा मोकळी असते, देणाऱ्याने अट घातली नसेल तर संस्थेच्या उद्देशांत बसेल तिथे वापरता येते. सीएसआर म्हणजे कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी यांपैकी एकही आकडा गाठला की ती कंपनी त्यात येते, आणि मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम तिला खर्चावी लागते.

सबसिडीचं गणित वेगळं. मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, असं ऐकून लोक हरखतात. पण उरलेला वाटा आणि सुरुवातीचा खर्च आपल्या खिशातून किंवा बँकेच्या कर्जातून करायचा असतो, सबसिडी मागाहून येते. हातात काहीच नसलेल्या गटाने आधी हा हिशेब मांडावा.

२. आमचं मंडळ ४० वर्षं जुनं आहे, पण नोंदणी नाही. निधी मिळेल का?

मंडळाच्या नावावर मिळणार नाही. पण काम होऊ शकतं. गावात आधीपासून नोंदलेलं काहीतरी असतंच : ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती, महिला ग्रामसंघ, वाचनालय. त्यांच्या नावे प्रस्ताव गेला आणि राबणारे हात मंडळाचे असले तर कुणाची हरकत नसते. कंपनीलाही सीएसआरचं काम स्वतः करून देता येतं. शाळेला पाण्याची टाकी हवी असेल तर कंपनी थेट टाकी विकत घेऊन बसवू शकते, पैसे कुणाच्या खात्यात यावे लागत नाहीत. एकाच लहान कामासाठी नोंदणीचा संसार मांडू नका, असं मी स्पष्ट सांगतो. नोंदणी म्हणजे दरवर्षीचं ऑडिट, दरवर्षीची विवरणपत्रं, आणि ते सांभाळणारा एक माणूस.

३. नोंदणी करायचीच असेल तर ट्रस्ट, सोसायटी की सेक्शन ८ कंपनी?

गावपातळीवरच्या बहुतेक कामांना पहिले दोन पुरतात. सार्वजनिक न्यासाची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०खाली धर्मादाय कार्यालयात होते. सोसायटीला किमान ७ सभासद लागतात, तिची नोंदणी १८६०च्या कायद्याखाली होते आणि आपल्या राज्यात तिला १९५०च्या कायद्याखालीही नोंद करावी लागते. म्हणून जुन्या संस्थांच्या लेटरहेडवर ‘महा.’ आणि ‘एफ’ असे दोन क्रमांक दिसतात. सभासद पुष्कळ असतील, निवडणुका व्हाव्यात असं वाटत असेल तर सोसायटी. मोजकी माणसं लांब पल्ल्याचं काम करणार असतील तर न्यास. सेक्शन ८ कंपनीची (म्हणजे कंपनी कायद्याखालच्या ना-नफा कंपनीची) शिस्त चांगली, पण तिची वार्षिक कागदपत्रं सांभाळायला जाणकार माणूस जवळ हवा. तो कणकवलीत किंवा दापोलीत मिळणार आहे का, हे आधी बघा.

४. “फाईल तयार ठेवा” असं सगळे सांगतात. फाईल म्हणजे नक्की काय?

नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, संस्थेचा पॅन, मागच्या ३ वर्षांचे ऑडिट अहवाल, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक (तो फुकट मिळतो), सीएसआर हवा असेल तर सीएसआर-१ची नोंदणी (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडची), बँकेचं पासबुक आणि विश्वस्तांची आजची यादी. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत. बोलताना मात्र सगळे जुनीच नावं घेतात, मीही इथे तीच वापरतो. अर्ज भरताना आपल्या सीएकडून नवे क्रमांक बघून घ्या. १२ए आणि ८०जी आता कायमची नसते, हेही लक्षात असू द्या. नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती मिळते, मग नियमितसाठी पुन्हा अर्ज. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा.

या यादीतला शेवटचा कागद सगळ्यात जास्त घात करतो. मी ज्या संस्थेत आहे तिथेच हे घडलं. २२ जुलै २०२१च्या पुराने वाशिष्ठीकाठच्या विहिरी गाळाने भरल्या. एका कंपनीने तीन विहिरींच्या साफसफाईला आणि कठड्यांना पैसे द्यायचं मान्य केलं, अंदाजपत्रक झालं, जागा बघून झाली. मग त्यांनी परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा मागितला. त्यावर आमच्या खजिनदारांचं नाव होतं, आणि ते चार वर्षांपूर्वी वारले होते. बँकेत नवी सही बदललेली, पण धर्मादाय कार्यालयात कलम २२चा फेरफार अर्ज कुणी केलाच नव्हता. तो ९० दिवसांत करायचा असतो. आम्ही धावपळ केली, पण ३१ मार्च आमच्यासाठी थांबला नाही. त्या वाड्यांनी तो उन्हाळा टँकरवर काढला. ती चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून मला फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं हेच विचारतो : परिशिष्ट एकवरची सगळी माणसं हयात आहेत का?

५. निधी शोधायचा कुठे? एखादी यादी आहे का?

याद्या पुष्कळ फिरतात. मी त्या पाठवत नाही. मुंबई-दिल्लीच्या पन्नास प्रतिष्ठानांची यादी हाती आली की संस्था पन्नास ठिकाणी तोच मजकूर पाठवते आणि वर्षभर वाट बघते. आधी जवळ बघा.

सगळ्यात जवळचं म्हणजे पंचक्रोशीतला कारखाना, बंदर, वीजप्रकल्प. कायद्यातच असं आहे की कंपनीने सीएसआर खर्चताना ती जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. कोकणात हे परिसर ठळक आहेत : तारापूर, तळोजा, रसायनी, पाताळगंगा, रोहा-धाटाव, नागोठणे, महाड, लोटे-परशुराम, जयगड, उरणचं बंदर. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जिल्हा निवडला की कोणत्या कंपनीने कुठल्या वर्षी कशावर किती खर्च केला ते दिसतं. एका संध्याकाळचं काम आहे ते. आपल्या जिल्ह्यात शाळांवर कोण देतं, पाण्यावर कोण देतं, हे त्यातून कळतं, आणि दार ठोठावण्याआधी आपण कुणाच्या दारात उभे आहोत तेही.

त्यानंतर जिल्ह्याची कार्यालयं. नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक पाणलोट, शेतकरी गट, बचत गटांचं प्रशिक्षण, विक्रीकेंद्रं यांबद्दल सांगतात. एकदा जाऊन भेटा, फोनवर अर्धीच गोष्ट कळते. बचत गटांसाठी उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ). किनाऱ्यावरच्यांसाठी वन विभागाचा कांदळवन कक्ष, त्याबद्दल प्रश्न ११.

मग मोठी प्रतिष्ठानं. टाटा ट्रस्ट्ससारख्या संस्था लहान मंडळाला सहसा थेट घेत नाहीत, त्यांना मोठा भाग आणि काही वर्षांचं काम हवं असतं. तिथे जायचं तर तालुक्यातल्या चार संस्थांनी मिळून जावं. सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दलही, म्हणजे शेअर बाजारातून संस्थांनी निधी उभारायच्या सोयीबद्दलही, हल्ली विचारतात. त्याच्या नोंदणीलाच वर्षाला ५० लाखांच्या कामाची अट आहे, गावच्या संस्थेने तूर्त तो विषय बाजूला ठेवावा.

६. साकव, पाखाडी, स्मशानशेड यासाठी कुठल्या फाउंडेशनकडे जावं?

कुठल्याच नाही. ही कामं ग्रामपंचायत, जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदार निधी यांची आहेत. खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो. त्यातून काम सरकारी यंत्रणा करते, पैसे मंडळाच्या खात्यात येत नाहीत. तुमचं काम एवढंच की ग्रामसभेत ठराव करून ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घेणं. आराखड्यात नसलेलं काम पुढे सरकत नाही. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा अशा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो, तो कशावर जायचा हे ग्रामसभा ठरवते. त्या ग्रामसभेला हजर राहा.

७. कंपनीत ओळख नाही. सीएसआरसाठी कुणाला भेटायचं?

ओळखीने भेट मिळते, मंजुरी कागदांनी मिळते. कारखान्यातले एचआर किंवा प्रशासन अधिकारी बहुधा स्थानिक सीएसआर बघतात. मोठ्या समूहांचं वेगळं फाउंडेशन असतं आणि निर्णय मुंबईत होतो, तरी स्थानिक कार्यालयाने “हो, गरज खरी आहे” असं कळवलं तरच तो होतो. ज्या कंपनीची सीएसआर रक्कम वर्षाला ५० लाखांच्या आत आहे तिला वेगळी समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. एमआयडीसीतले असे मध्यम कारखाने लोक विसरतात. मला ते सगळ्यात चांगले वाटतात, कारण साहेब स्वतः गाडी काढून वाडी बघायला येतात.

मागणी कंपनी कायद्याच्या अनुसूची ७मध्ये बसते का ते बघा. शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, पर्यावरण, उपजीविका, वारसा, सार्वजनिक वाचनालय हे बसतं. क्रिकेटच्या स्पर्धा, सत्कार सोहळा, उत्सवाची कमान बसत नाही. आणि पहिल्याच भेटीत पैसे मागू नका. त्यांना वाडीवर बोलवा.

८. प्रस्ताव किती पानांचा हवा? इंग्रजीतच लागतो का?

पहिलं पत्र एका पानाचं. आवडलं तर ते स्वतःच पुढचा नमुना पाठवतात. जिल्ह्यातल्या कार्यालयांना मराठी चालतं. मुंबईच्या फाउंडेशनला इंग्रजी लागतं, पण आधी मराठीत नीट लिहा, मग भाषांतर करून घ्या. इंग्रजीत सुरू केलं की सगळ्या गावांची पत्रं एकसारखी होतात.

आमच्याकडे एका वाडीचं पत्र आलं : “आमच्या वाडीत पाण्याची भीषण टंचाई असून महिलांना वणवण करावी लागते, तरी सहकार्य करावे.” खरंच होतं ते. पण असं पत्र शंभर गावांतून जातं. आम्ही त्या वाडीत एप्रिलमध्ये पहाटे जाऊन बसलो. झऱ्याच्या तोंडाशी करवंटी लावलेली, तिच्यातून पाण्याची धार हंड्यात. घड्याळ लावलं. एक हंडा भरायला अकरा मिनिटं लागली. चौतीस घरं. पहिली बाई पावणेतीनला आली होती, झऱ्याच्या कडेला चादर टाकून तिचा मुलगा झोपला होता. नवं पत्र एवढंच झालं : चौतीस घरं, एक झरा, अकरा मिनिटांचा हंडा. रात्रभर वाहून जाणारं पाणी साठवायला दहा हजार लिटरची टाकी आणि वाडीपर्यंत सहाशे मीटर पाइप. सोबत एक फोटो. त्या पत्राला आठ दिवसांत फोन आला.

अंदाजपत्रकात आपल्याकडे एक खर्च हमखास राहतो. ट्रक वरच्या रस्त्याला थांबतो आणि चिरे, रेती, सिमेंट डोक्यावरून पाखाडीने खाली न्यावं लागतं. मुंबईत बसलेल्या माणसाला हे सुचणार नाही, आपणच लिहायला हवं. नाहीतर ऐन कामात पैसे कमी पडतात आणि गवंडी निघून जातो. श्रमदान करणार असाल तर तेही माणसं आणि दिवस मोजून लिहा. लोकवाट्याचा तो पुरावा असतो.

९. अर्ज वर्षात कधी करावा?

कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि आपलं काम पाऊस संपल्यावर ते पाऊस सुरू होईपर्यंत. हे दोन्ही जुळवणं हेच खरं कौशल्य. पुढच्या वर्षाचं नियोजन बहुतेक ठिकाणी जानेवारी ते मार्चमध्ये चालतं, म्हणून दिवाळीनंतर पत्र तयार हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये “लगेच खर्च करता येईल असं काही आहे का” असे अचानक फोनही येतात. न वापरलेली रक्कम कंपनीला बाजूला काढावी किंवा सरकारी निधीत भरावी लागते, म्हणून ही घाई. ज्याची फाईल तयार (प्रश्न ४) त्याचंच काम तेव्हा होतं. मात्र बांधकामाचा पैसा एप्रिलच्या शेवटी आला तर सात जूनच्या आत स्लॅब होईल का, हे प्रामाणिकपणे सांगा. होणार नसेल तर “ऑक्टोबरमध्ये सुरू करू” असं लेखी कळवा. एकाहून अधिक वर्षांचा प्रकल्प म्हणून मंजूर करून घेता येतो.

विश्वस्तांच्या सह्या, ठराव, सभा हे गणपतीत, शिमग्यात किंवा मे महिन्यात उरका. चाकरमानी परत गेले की एका सहीसाठी पनवेलला फेरी पडते.

१०. शाळा, वाचनालय, दशावतार, कातळशिल्पं यांच्यासाठी वेगळे मार्ग आहेत का?

आहेत. जिल्हा परिषद शाळेला व्यवस्थापन समितीमार्फत मदत घेता येते, आणि केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवर शाळेला आपली गरज नोंदवता येते. वाचनालयांना १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गवारीप्रमाणे राज्याचं अनुदान मिळतं. त्याखेरीज कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत येतात. पुस्तकं, कपाटं, इमारत यांना त्यातून मदत होते आणि तरीही विचारणारे फार थोडे.

दशावतार, नमन-खेळे अशा कलांसाठी राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे लोककला पथकांच्या अनुदान योजना आहेत, आणि केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाकडून कार्यक्रम-निर्मितीला साधारण ५ लाखांपर्यंत मिळू शकतात. नोंदलेली संस्था आणि मागच्या प्रयोगांचे पुरावे लागतात. दशावतारी मंडळांनी जुन्या हस्तपत्रिका, बिलं, बातम्यांची कात्रणं टाकून देऊ नयेत. वाळवीपासून वाचवा, उद्या तोच पुरावा.

बारसू, कशेळी, उक्षी, देवीहसोळ, कुडोपी इथली कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. वारशाचं जतन सीएसआरमध्ये बसतं. पण जी जागा संरक्षित आहे किंवा संरक्षणाच्या प्रक्रियेत आहे तिथे पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय साधं कुंपणही घालू नका. जमिनीच्या मालकीचा गुंता प्रश्न १५मध्ये.

११. खाडीकाठचे गट आणि बचत गट यांच्यासाठी काय आहे?

कांदळवन कक्षाची उपजीविका योजना २०१७पासूनची. खेकडापालन, कालवं, शोभिवंत मासे, मधमाश्या, निसर्ग पर्यटन असे उद्योग तिच्यात येतात. गटाला ९० टक्के आणि एकट्या व्यक्तीला ७५ टक्के अर्थसाहाय्य अशी तिची रचना, आणि त्यासाठी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती लागते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. ते काम आधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पातून उभं राहिलं आणि प्रकल्प संपल्यावरही चाललं. वेळासला २००२पासून कासवांची अंडी जपली जातात, तिथे येणारे पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात. अनुदान थांबल्यावर काम कशावर चालेल याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे, त्यांना पुढचा निधी लवकर मिळतो.

काजू, आंबा, कोकम, फणस यांवर प्रक्रिया करणाऱ्या गटांसाठी सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना : खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख, आणि बचत गटातल्या प्रत्येक सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. केंद्राच्या अशा योजना ठरावीक वर्षांच्या असतात, म्हणून मुदत कृषी कार्यालयात विचारूनच अर्ज करा. मच्छीमार सहकारी सोसायटीला आणि रापण संघाला मत्स्यव्यवसाय विभागाच्या योजना मिळतात, पण सहकारी संस्था सीएसआरची अंमलबजावणी संस्था होऊ शकत नाही. त्यासाठी न्यास किंवा सोसायटी सोबत हवी.

१२. आमच्या संस्थेला ३ वर्षं झालेली नाहीत. तोवर काय करायचं?

बाहेरच्या संस्थेकडून सीएसआरचं काम करून घ्यायचं तर तिला तशा कामाचा ३ वर्षांचा अनुभव असावा असा नियम आहे. मधल्या काळात जुन्या संस्थेसोबत जोडीने काम करा. प्रस्तावात तुमचं नाव आणि तुमची जबाबदारी लेखी असू द्या. दुसरं म्हणजे गावच्या आणि मुंबईच्या माणसांच्या लहान देणग्या. ५०० रुपयांचे शंभर देणगीदार ऑडिटमध्ये दिसले की पुढच्या मोठ्या देणगीदाराला विश्वास वाटतो. प्रत्येक पावती फाडा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्या नोकरदारालाही नाही, हे देणगीदाराला आधीच सांगून टाका.

१३. मंडळाची नोंदणी मुंबईत, काम गावात. चालतं का?

चालतं. निम्म्या कोकणाची हीच रचना आहे : लालबाग-परळच्या गाळ्यात स्थापन झालेलं ग्रामविकास मंडळ आणि गावात त्याची शाखा. घटनेत कार्यक्षेत्र काय लिहिलंय ते बघा. “बृहन्मुंबई” एवढंच असेल तर गावचा खर्च ऑडिटर मान्य करणार नाही, घटनेत बदल करून घ्यावा लागेल. “महाराष्ट्र राज्य” असेल तर अडचण नाही. देणारे मात्र विचारतात की रोज जागेवर कोण आहे. गावात राहणाऱ्या दोघांना, त्यात एका बाईला, विश्वस्त करून घ्या. मुंबईतून निर्णय आणि गावात नुसती अंमलबजावणी असेल तर भांडणं होतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

१४. गावचे लोक कुवेत-दुबईत आहेत. त्यांचे पैसे घेतले तर परदेशी निधीचा कायदा लागतो का?

माणूस भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी मानली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फाईलला लावा. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं, त्याची देणगी विदेशी, मग तो सख्खा भाऊ असला तरी. त्यासाठी एफसीआरए (हाच परदेशी निधीचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीला संस्था ३ वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडावं लागतं. २०२०च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्चता येत नाही. म्हणजे “तुमच्या एफसीआरए खात्यात घ्या आणि आम्हाला द्या” हा मार्ग बंद आहे. कुणी सुचवला तरी ऐकू नका.

परदेशी मालकीच्या पण भारतात नोंदलेल्या कंपनीचा सीएसआर हा वेगळा प्रश्न. तिचं परकीय भांडवल ठरवून दिलेल्या मर्यादेत असेल तर तो विदेशी स्रोत धरला जात नाही. कंपनीकडून तसं लेखी घ्या.

१५. जागा द्यायला घरचे तयार आहेत, पण सातबारावर चाळीस नावं. मग?

कोकणातली सगळ्यात मोठी अडचण हीच. इमारत, टाकी, केंद्र काहीही बांधायचं तर देणारा जागेचा कागद मागतो. तोंडी “आमची हरकत नाही” याला किंमत नाही. चाळीस जणांच्या संमत्या गोळा करण्यात वर्षं जातात, म्हणून आधी ग्रामपंचायतीच्या मालकीची जागा, शाळेचं आवार, नमुना ८ला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत) नोंद असलेली जुनी इमारत बघा. खाजगी जागाच हवी असेल तर हिस्सा वेगळा झालेली बघा. बक्षीसपत्र नोंदणीकृतच लागतं, एक वर्षावरचा भाडेपट्टाही. ज्यांचं नाव लावायचं राहिलंय अशा वारसांना, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या बहिणींना, विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यांचा हक्क आहे, आणि वादही तिथूनच निघतो. खाडी-समुद्राजवळ असाल तर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागेल का ते प्रस्तावाच्या आधी तपासा, मंजुरीनंतर नव्हे.

१६. देवस्थान ट्रस्टला सीएसआर किंवा ८०जी मिळते का?

पूजाअर्चा, उत्सव, जीर्णोद्धार हाच उद्देश असेल तर ८०जी मिळत नाही. उद्देश मुख्यतः समाजकामाचे असले आणि धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत असला तर मिळू शकते. बहुतेक गावांना मी सुचवतो की देवस्थान तसंच राहू द्या, दवाखाना-पाणी-शिक्षणासाठी वेगळा न्यास काढा. देवराईचं जतन मात्र पर्यावरणाचं काम आहे, त्याला ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती पुढे येऊ शकते. दोडामार्गातलं हेवाळे-बांबर्डे इथलं मायरिस्टिका जातीच्या झाडांचं दलदली रान गावाने राखलं होतं, म्हणूनच पुढे जैवविविधता वारसा स्थळ झालं.

१७. एकजण म्हणतो १० टक्के द्या, निधी आणून देतो. खात्रीचा वाटतो.

देऊ नका. प्रस्ताव लिहायची ठरलेली फी घेणारा माणूस वेगळा, मंजुरीवर टक्के मागणारा वेगळा. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे “कंपनी एक कोटीचा चेक देईल, तुम्ही ठेवा दहा लाख, बाकी रोख परत”. हा उघड गुन्हा आहे. बँकेतली नोंद तुमच्या नावावर राहते आणि चौकशी विश्वस्तांच्या दारात येते. निवृत्त मास्तर, पोस्टमन, शेतकरी अशी साधी माणसं यात अडकलेली मी पाहिली आहेत. नोंदणी शुल्क म्हणून आधी पैसे भरा असं सांगणारी पत्रंही अशीच. खरा देणारा तुमच्याकडे पैसे मागत नाही.

१८. काम झालं, थोडे पैसे उरले. दुसरीकडे वापरू का?

विचारल्याशिवाय नाही. देणाऱ्याला पत्र लिहा : इतके उरले, त्यातून टाकीला कुंपण घालायचं आहे, परवानगी द्या. बहुतेक वेळा मिळते. सरकारी अनुदानात उरलेली रक्कम, आणि कधी तिच्यावरचं व्याजही, परत करावं लागतं. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता थांबतो. प्रत्येक अनुदानाचं खातेपान वेगळं ठेवा. बिल दुकानदाराकडून त्याच दिवशी घ्या. पावसाळ्यात बिलांची शाई उडते, म्हणून त्याच संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढून ठेवायची सवय लावा. काम अर्धवट अडलं असेल तर लपवू नका. वादळात साहित्य गेलं, पऱ्याला पाणी आलं, गवंडी आजारी पडला, हे कळवलं की मुदत मिळते. गप्प राहिलात तर मिळत नाही.

१९. चार ठिकाणी पत्रं दिली, कुणाचंच उत्तर नाही. सोडून द्यायचं का?

तीन आठवड्यांनी एक फोन करा, आणखी महिन्याने एक. नकार आला तर कारण विचारा. “आमचा विषय शिक्षण आहे, पाणी नाही” असं उत्तर आलं तर तुमच्यात काही उणं नाही, दार चुकलं, एवढंच. प्रश्न ५ मधला शोध पुन्हा करा. “कागद अपुरे” आलं तर प्रश्न ४. काहीच कारण दिलं नाही तर पत्र गावातल्या दहावीच्या एखाद्या मुलीला वाचायला द्या आणि विचारा, आपण नक्की काय मागतोय? तिला सांगता आलं नाही तर पत्र पुन्हा लिहायला घ्या. आणि मधल्या काळात वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायला सुरुवात करा. पऱ्याचं पाणी डिसेंबरपर्यंतच असतं.